युद्ध गावात, नाटक वाड्यात : १९४८च्या मराठवाड्यावरची प्रेमकथा कशी लिहाल?

माळवद :
नमस्कार मंडळी. आमचा परभणीचा हौशी ग्रुप यंदा राज्य नाट्य स्पर्धेत दोन अंकी नाटक उतरवायच्या बेतात आहे आणि लिहायचं जोखड माझ्या मानेवर आलंय. विषय हैदराबाद मुक्तिसंग्राम. काळ नोव्हेंबर १९४७चा निजाम आणि भारत यांच्यातला जैसे थे करार ते सप्टेंबर १९४८ची पोलीस कारवाई, म्हणजे भारतीय फौजांनी संस्थान ताब्यात घेतलं ती. प्रकार म्हणाल तर सरळ सरळ प्रेमकथा. अट एकच आणि ती माझी मीच घातलेली : सगळं नाटक एका वाड्यात. रझाकार (निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांतला माणूस) रंगमंचावर येणार नाही, बंदूक दिसणार नाही, शेवटी तिरंगा फडकणार नाही. ते सगळं दरवर्षी १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, शाळेच्या पटांगणात बघून झालंय.

नायिका सतरा-अठराची. कुंकू लागलेलं आहे, म्हणजे सोयरीक पक्की, तिथी धरायची राहिलेली. तेवढ्यात पोरगा घर सोडून गेला. सरहद्दीपलीकडच्या, निजामाशी लढणाऱ्यांच्या कॅम्पात आहे म्हणतात. आता हिची कोंडी बघा. बायको असती तर त्याच्या नावानं सोमवार धरले असते, सासूच्या गळ्यात पडून रडली असती, आल्यागेल्याला पदर सावरत विचारलं असतं की तिकडचं काही कळलं का. हिला यातलं काहीच करता येत नाही. जीव टांगलाय, पण चौकशी करायचा हक्क अजून मिळालेला नाही. आई म्हणते मोडा सोयरीक. बाप म्हणतो, आता मोडली तर भ्याले म्हणतील.

युद्धकाळात मागं राहिलेल्यांच्या प्रेमकथा आपण परदेशी सिनेमांत पोटभर पाहिल्यात. फलाट, गणवेश, पोस्टमन, रेशनची रांग. यातलं आपल्याकडे काय चालेल आणि काय उपरं वाटेल? आजी-आजोबांकडून ऐकलेलं, वाचलेलं जे असेल ते टाका. लढे, सत्याग्रह, करार हे मी वाचतेच आहे. मला चुलीजवळचं पाहिजे.

चिंचेचा_पार :
वाचतोय. पुढच्या भागाची वाट बघतो असं लिहायची सवय झालीय, पण इथं पुढचा भाग आम्हालाच लिहायला लावलाय ताईंनी.

मनमाड_काचीगुडा :
स्टेशन सोडू नका राव! आपली लाईन तेव्हा निजाम स्टेट रेल्वेची, मीटर गेज. मनमाड, औरंगाबाद, जालना, परभणी, पूर्णा, नांदेड करत काचीगुड्याला. मनमाड मुंबई इलाख्यात आणि पुढं सगळं निजामाचं. एकाच डब्यात बसून माणूस राज्य बदलायचा. पोरगा पूर्णा जंक्शनला गाडीत चढतोय, ती कुणा नातेवाइकाला सोडायच्या निमित्तानं आलीय, इंजिनाची वाफ, शिट्टी, पडदा. टाळी घेणार म्हणजे घेणार.

बालाघाटी :
टाळी घेईल हो, पण भूमिगत व्हायला निघालेलं पोरगं फलाटावर निरोप घेत उभं राहिलं तर गाडी हलायच्या आत अमीनसाहेब हजर. (नव्या पोरांसाठी : अमीन म्हणजे निजामी पोलिसातला फौजदार.)

आमच्याकडे बार्शी लाईट होती, कुर्डुवाडी-बार्शी-लातूर, नॅरो गेज, तीही दोन मुलुखांतून जाणारी. बार्शी इंग्रजी, लातूर निजामाचं. सोय होती, पण कॅम्पात जाणारी माणसं गाडीनं कमी आणि रानानं जास्त गेली असंच आमच्या घरात ऐकलंय. निघताना कुणाला खरं सांगायचं नाही. बाजाराला जाऊन येतो, एवढंच. आईलासुद्धा तेवढंच.

म्हणून माझं मत असं की निरोपाचा प्रवेश ठेवा, पण तो निरोप आहे हे तिला कळू देऊ नका. तो वाड्यावर येतो, कारण कुंकवाच्या नात्यानं येणंजाणं आहे. ढेलजेत बसून तिच्या बापाशी बैलाच्या किमतीवर वाद घालतो. ताक पितो. बैल महाग सांगतायत म्हणून उठून जातो. ती माजघराच्या दाराआडून ऐकते आणि मनात म्हणते, काय हा चिकट माणूस. चार दिवसांनी कळतं की तो गेला. मग प्रेक्षक आणि ती, दोघंही त्या बैलाच्या वादातला शब्द न् शब्द आठवत बसतील.

माळवद :
बालाघाटी काका, हे मी उचललं. मनमाड_काचीगुडा दादा, रागावू नका, शिट्टी लांबून ऐकू येईल एवढी सोय करते.

हाली_शिक्का :
दोन मुलुख म्हटलं की दोन रुपये आले. निजामाचा हाली आणि इंग्रजांचा कलदार. शंभर कलदारला साधारण एकशे सोळा हाली पडायचे. हालीवर चारमिनार, कलदारवर इंग्रज राजाचं डोकं, म्हणजे अक्षर न येणारी बाईसुद्धा कुठला कोणता ते बघताक्षणी सांगेल. जैसे थे करारानंतर निजाम सरकारनं भारतीय चलन राज्यात चालणार नाही असा वटहुकूम काढला. त्यामुळे १९४८च्या उन्हाळ्यात एखाद्या घरात नवा कलदार निघाला तर 'पलीकडून कोण येतं तुमच्याकडं' असं विचारायला तेवढं निमित्त पुरे. प्रेमाची खूण म्हणून अंगठी नको, रुमाल तर नकोच नको. त्यानं पाठवलेला एक कलदार ठेवा. तिला तो मिरवता येत नाही, खर्चता येत नाही, आणि फेकून द्यायचा तर हात धजत नाही.

पोस्टमन मात्र बाद. निजामाचं टपाल खातं स्वतंत्र, त्याची तिकिटं राज्याच्या हद्दीपुरती. पलीकडून आलेलं पाकीट दुरून ओळखू यायचं. कॅम्पातला माणूस तिकीट लावून प्रेमपत्र धाडत असेल तर त्याला कॅम्पातूनच हाकलून द्यायला पाहिजे.

आणि चुलीजवळचं म्हणालात म्हणून : मीठ. हैदराबाद संस्थानाला समुद्र नाही. १९४८मध्ये भारत सरकारनं आर्थिक कोंडी केली तेव्हा मीठ, रॉकेल, पेट्रोल, औषधं सगळ्याचीच ओढाताण सुरू झाली. वरून सरकारी लेव्हीचं धान्य घालायचं ते वेगळंच. बापाच्या तोंडी राजकारण घालण्यापेक्षा आईच्या हातात मिठाची बरणी द्या. पहिल्या प्रवेशात मूठ भरून मीठ, शेवटच्या प्रवेशात बोटाच्या पेराला चिकटेल एवढं. आणि तिला सारखं वाटतंय की ही कोंडी निजामाची, पण मीठ तर आपल्याच माणसांनी अडवलंय. कुणाला शिव्या घालायच्या?

चिंचेचा_पार :
त्या शेवटच्या प्रश्नावर एक अख्खी एकांकिका होईल.

करडईचं_फूल :
माझी आजी आताच्या लातूर जिल्ह्यातली, तेव्हाचा उस्मानाबाद. तिच्याकडून ऐकलेलं सांगते, जसं आठवेल तसं.

वाड्याच्या जाड भिंतीत बळद असायचं, भिंतीतलंच कोठार. वरून धान्य ओतायचं आणि खालच्या भोकातून काढायचं. आजीच्या घरी सोनं बळदात टाकलं होतं, एका पितळी डब्यात घालून जोंधळ्याच्या तळाशी. झालं काय, की मग वर्षभर त्या बळदातला जोंधळा कुणी तळापर्यंत काढेना. धान्य किडलं. घरात खायची ओढ आणि भिंतीत जोंधळा भुसा होत चाललेला. सासऱ्यांना ते सोन्यापेक्षा जास्त लागलं होतं म्हणे.

पेवाबद्दल (जमिनीखालच्या धान्याच्या कोठाराबद्दल) एक सूचना. पेवात नायक लपवायचा मोह होईल. करू नका. धान्याच्या बंद पेवात वायू साठतो. पेव उघडलं की आधी कंदील दोरीनं आत सोडून बघायचे, तो विझला तर उतरायचं नाही. गावाकडचा प्रेक्षक पहिल्या रांगेतून ओरडेल, 'अगं, मरतंय की ते पोरगं!'

रात्री पोरीबाळी आणि सुना जोंधळ्याच्या रानात झोपायच्या. भाद्रपदात जोंधळा डोक्याच्या वर गेलेला असतो. आजी भीतीबद्दल कधी बोलली नाही. ती सांगायची ते असं, की पात्यांनी दंड कापायचे, सकाळी घामानं चरचरायचं, आणि तान्ह्या पोरांनी रडू नये म्हणून तोंडात गुळाचा खडा धरून बसायचं. आणि रानात दहा बायका एका जागी झोपल्यावर कुजबुज व्हायचीच, त्यात हसणंही असायचं. नाटकात हसू राहू द्या ताई. आमची आजी त्या रात्रींबद्दल सांगताना निम्मा वेळ हसायची.

पैनगंगाकाठ :
माळवदताई, तुमचा वाडा परभणीतून उचला आणि हदगाव-हिमायतनगरच्या बाजूला आणून ठेवा. पैनगंगेच्या अल्याड निजाम, पल्याड वऱ्हाड. पल्याडच्या उमरखेडला स्टेट काँग्रेसचा कॅम्प होता. म्हणजे तुमचा नायक दूर कुठं दिल्ली-लाहोरला नाही, नदीच्या त्या काठाला आहे. आणि तरी भेट नाही.

नदीचा दुसरा फायदा म्हणजे तिचं स्वतःचं वेळापत्रक. उन्हाळ्यात उतारावरून माणूस चालत येतो. गुराखी, घोंगडीवाला, कुणीही चिठ्ठी आणू शकतो. आषाढात पूर आला की उतार बंद, बातमी बंद. कोणी पकडलं नाही, कोणी फितूर झालं नाही, फक्त पाणी वाढलं. ती मात्र घरात बसून हजार कारणं शोधणार. तो विसरला, त्याला पलीकडं कुणी भेटली, त्याला गोळी लागली. खरं कारण परसातून आवाज करत वाहतंय.

काळाची खूण पाहिजे असेल तर उमरी घ्या. उमरीची बँक ३० जानेवारी १९४८ला लुटली, लढ्याच्या खर्चासाठी. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या. वाड्यात या दोन बातम्या लागोपाठ येतील. पहिलीनं बाप मिशीत हसत असेल तेवढ्यात दुसरी.

माळवद :
पैनगंगा घेतली. वाडा नदीकाठी गेला. पूर म्हणजे माझ्या पहिल्या अंकाचा शेवट.

आता अडलंय ते चिठ्ठीवर. नायक उस्मानिया विद्यापीठात दोन वर्षं काढून आलेला आहे. नायिका चौथीपर्यंत, तीही रखडत. चिठ्ठी आली तर ती तिला वाचता येईल का? आणि घरात लपून वाचणार कुठं? माळवदावर?

हिमरू :
औरंगाबादहून सलाम. तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. उस्मानियात शिकवणं उर्दूत, सरकारी वरच्या शाळांत उर्दू, कचेरीत उर्दू. त्या पिढीच्या कित्येक मराठी घरांतल्या शिकलेल्या माणसांचा हात उर्दूत जास्त चालायचा. आमच्या ओळखीतले एक देशपांडे आजोबा, दिवंगत, हिशेबाची वही शेवटपर्यंत उर्दूत ठेवत.

तर पोरगा कंदिलाच्या उजेडात घाईघाईत लिहितोय, उर्दूत लिहितो. चिठ्ठी वाड्यात पोहोचते. वाड्यात उर्दू कोण वाचतो? बाप, आणि बापाला दाखवता येत नाही. मग उरते शेजारच्या घरातली मैत्रीण. भिंतीला भिंत लागून घर, परसाला एक खिडकी, लहानपणापासून सागरगोटे एकत्र. ती उर्दू शिकलेली. ती वाचून दाखवणार. म्हणजे नायिकेला आपलं सगळं प्रेम दुसऱ्या मुलीच्या आवाजात ऐकावं लागणार. मधल्या दोन ओळी गाळल्या की घातल्या, हे तिला कसं कळणार?

आडवा_प्रश्न :
कल्पना फक्कड आहे, पण एक सांगू? आपल्या प्रत्येक अशा नाटकात एक चांगला मुसलमान असतो. पांढरी दाढी, मोठं मन, आणि शेवटी नायकाला वाचवता वाचवता मरतो. मग प्रेक्षक डोळे पुसून घरी जातात. ही मैत्रीण त्याच वळणावर जाणार असेल तर तिला आणूच नका.

हिमरू :
म्हणूनच तिला चांगली ठेवू नका. माणूस ठेवा. तिला हेवा वाटू द्या. हिला पत्र येतं, मला कोण लिहिणार? तिचा भाऊ रझाकारांत नाव घालून आलाय. थोडा धाकानं, थोडा पोटासाठी, थोडा रझाकारांचा पुढारी कासीम रझवी याच्या भाषणांनी डोकं फिरून. (रझवी लातूरचाच वकील, हे आपण सोयीस्कर विसरतो. हैदराबादहून आलेलं वादळ नव्हतं ते.) चिठ्ठीत एखाद वेळी माणसांची, वाटांची नावं आहेत. ती तिनं वाचलीत. ती भावाला सांगेल का, याचा तिचा तिलाच पत्ता नाही. एका मुलीच्या हातात दुसरीचा नवरा आणि स्वतःचा भाऊ, दोन्ही. युद्ध वाड्यात आणायला आणखी काय पाहिजे?

आणि नाटक १७ सप्टेंबरला संपवू नका, ही विनंती. त्या दिवशी तुमच्या वाड्यातली वाट बघणं संपतं, शेजारच्या घरात सुरू होतं. पोलीस कारवाईनंतर मुसलमानांवर झालेल्या हिंसाचाराची पाहणी करायला पंडित सुंदरलाल समिती १९४८च्या अखेरीस फिरून गेली. तिच्या अहवालात उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वांत जास्त होरपळलेले म्हटलेत आणि सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मेल्याचा अंदाज दिलाय. तुमचा वाडा आता नांदेड जिल्ह्यात आलाय. आमच्या घरातल्या म्हाताऱ्या बायका त्या महिन्याबद्दल बोलत नसत. कुणी विषय काढला की पानाचा डबा जवळ ओढायच्या.

सतरा_सप्टेंबर :
मला हे पटत नाही, स्पष्ट लिहितो. आधी काय झालं ते कोण सांगणार? गोविंदराव पानसऱ्यांना १९४६मध्ये बिलोलीजवळ अर्जापूरला मारलं. बहिर्जी शिंदे गेले. गावंच्या गावं उठून बार्शी, उमरखेड, सोलापूरला आसऱ्याला गेली. धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके बंदूक-बॉम्ब घेऊन लढल्या. आणि आपण नायिका कोण घेतो, तर दाराआड उभी राहून ऐकणारी. त्यातून शेवटी सहानुभूती पलीकडच्या घराला. मुक्तिसंग्रामाचं नाटक असं असतं का?

बालाघाटी :
दगडाबाईंवर नाटक झालंच पाहिजे, तुम्ही लिहा, मी तिकीट काढून येतो. पण सगळ्यांनाच बॉम्ब फेकायला कुठं मिळालं? माझी चुलतआजी त्या वर्षी रोज दोन पायल्या जोंधळा दळत होती, कॅम्पातल्या पोरांच्या भाकरीसाठी, कुणाच्या आहेत हे न विचारता. तिचं नाव कुठल्या स्तंभावर नाही आणि तिनंही कधी मागितलं नाही.

माळवद :
सतरा_सप्टेंबर दादा, आधी काय झालं ते पहिल्या अंकात आहेच. रानात झोपणाऱ्या बायका कशाला भिऊन झोपतात? जळालेल्या गावातून आलेली मावशी पहिल्या अंकात वाड्यात आश्रयाला येते, आणि तिच्या तोंडून जे येतं ते मी मवाळ केलेलं नाही. पण मला वाड्याच्या खिडकीतून जेवढं दिसतं तेवढं लिहायचंय, आणि परसातल्या खिडकीतून शेजारचं घर दिसतं. ते सप्टेंबरनंतर दिसायचं बंद झालं असं मला दाखवता येणार नाही. या मुद्द्यावर मी हलणार नाही, बाकी सगळ्यावर भांडू.

सतरा_सप्टेंबर :
मावशीचा प्रवेश आधी वाचायला द्या. मग बोलतो.

तिसरी_घंटा :
दिग्दर्शकाच्या खुर्चीतून चार गोष्टी.

पंचांग बघा. १९४८ला पोलीस कारवाई झाली ती ऐन गणपतीच्या दिवसांत. १३ सप्टेंबरला फौजा आत आल्या, सोलापूरकडच्या तुकडीनं पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतलं. त्या वेळी आपल्या घरांत महालक्ष्म्या नुकत्याच उठलेल्या. १७ला अनंत चतुर्दशी. म्हणजे तुम्हाला तारखेची पाटी लावायची गरज नाही. महालक्ष्म्यांचे मुखवटे फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवताना आईचा हात थांबतो आणि लांबून घरघर ऐकू येते, एवढं केलं की मराठवाड्यातल्या प्रेक्षकाला महिना, पक्ष, सगळं कळतं. आणि सोळा भाज्यांच्या जेवणाला मीठ कुठून आणलं, हा हाली_शिक्का यांचा प्रश्न तिथं उभा राहतोच.

ईद त्या वर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. ऐन पुरात. शिरखुर्म्याची वाटी परसातल्या खिडकीतून येईल.

प्रकाशयोजना कंदील आणि चिमणीवर चालवा, पण रॉकेल संपत चाललंय हे विसरू नका. दर प्रवेशात उजेड थोडा कमी. परीक्षकांना वाटेल तांत्रिक बिघाड आहे, म्हणून एका पात्राच्या तोंडी रॉकेलचं वाक्य पहिल्या दहा मिनिटांत टाकून ठेवा.

आता मुख्य. पूर आलाय, चिठ्ठी बंद झालीय, आणि नायिका खंगत चाललीय. तुमच्याकडे चिठ्ठ्या वाचून दाखवणारी मैत्रीण आहे. मग ती गप्प बसेल? एक दिवस ती जुना कुठलातरी कागद हातात धरून नवी चिठ्ठी वाचून दाखवणार नाही का? नायिकेला अक्षर कळत नाही.

करडईचं_फूल :
अगं बाई.

चिंचेचा_पार :
तिसरी_घंटा, दंडवत घ्या.

आडवा_प्रश्न :
आता माझी तक्रार मागं. ही मैत्रीण बघायला मी येईन. पण मग नायक परत आल्यावर काय? तो आला तर पाहिजेच. मेला तर सगळं सोपं होऊन जाईल.

तिसरी_घंटा :
येऊ दे की. धडधाकट येऊ दे, हारबिर घालून. लग्नाची तिथी निघते. ती त्याला चिठ्ठीतलं काहीतरी विचारते, आणि त्यानं ते लिहिलेलंच नसतं. शेजारच्या दाराला तोवर कुलूप.

माळवद :
रात्रभर झोप नाही. पहिल्या अंकाच्या शेवटाचा कच्चा खर्डा टाकते. नावं अजून ठेवलेली नाहीत. दखनी बोली हिमरू भाईंनी तपासावी.

(श्रावणातली दुपार. पाऊस. ती जात्यावर बसलीय. शेजारीण खिडकीतून उतरून उंबऱ्याला टेकलीय. हातात घडी घातलेला कागद.)
शेजारीण : जातं चालू ठेव. तेरी अम्मा जागीच हय.
ती : आधी सांग, किती ओळी हायत?
शेजारीण : (घडी न उघडता) बहोत.
ती : मागल्या खेपेला चारच व्हत्या.
शेजारीण : इस बार फुरसत मिली होगी. सुन. लिख्खा है, इधर बारिश लई पडायली. रात कू छपरातून पानी टपकता.
ती : त्याला गार सोसत न्हाई.
शेजारीण : वो भी लिख्खा है.
ती : काय?
शेजारीण : के सर्दी हुई थी, अब अच्छा हूं.
ती : आन् माझं काय लिवलंय?
(शेजारीण कागद उघडते. बराच वेळ बघते.)
शेजारीण : तेरा... लिख्खा है, तू दळता दळता एकदम ओवी सोडून देतीस. आधी. फिर बहोत देर चुप. वो चुप्पी याद आती.
ती : त्यानं मला दळताना कदी बगितलंय?
(जातं थांबतं. माजघरातून आईच्या बांगड्यांचा आवाज.)
शेजारीण : रुक नक्को. फिरा, फिरा.
(ती फिरवते. ओवी मात्र म्हणत नाही. अंधार.)

पैनगंगाकाठ :
'त्यानं मला दळताना कदी बगितलंय?' इथं माझ्या अंगावर काटा आला. तिला कळलंय का नाही, हे उघडं ठेवा. दुसऱ्या अंकात ती आणखी चिठ्ठ्या मागू दे. कळूनही मागत असेल तर?

हिमरू :
बोली बरी जमलीय. 'मिली होगी'ला 'मिली हुइंगी' करा. आणि 'अम्मा' नको, शेजारच्या हिंदू बाईला ती 'काकी' म्हणेल. आमच्याकडे असंच चालतं अजून. बाकी ती कागद उघडून बराच वेळ बघते ते फार आवडलं. त्या कागदावर खरं काय लिहिलंय हे तुम्ही ठरवलंय का? मला वाटतं धोब्याचा हिशेब असावा.

माळवद :
काकी केलं. धोब्याचा हिशेब आत्ता या क्षणापासून अधिकृत. दुसऱ्या अंकात कुलूप लागल्यावर तो कागद तिच्याकडे राहतो आणि एक दिवस बाप तो वाचून दाखवतो : चादरी चार, सदरे सहा.

सतरा_सप्टेंबर :
बापानं वाचायचं असेल तर त्यानं ते वाचून हसू नये. तेवढं बघा. मावशीचा प्रवेश वाचला, मेल केला होता तुम्ही. ठीक आहे. गाव जळाल्याचं सांगताना ती मध्येच म्हैस सुटली का विचारते, ते खरं आहे, असंच बोलतात. एक सुधारणा : अमीन वाड्यात आला तर बाप त्याच्याशी उर्दूत बोलेल, मराठीत नाही. आणि खुर्ची देईल.

माळवद :
दादा, खुर्ची दिली. अमीन येत नाही, त्याचा आवाज ढेलजेतून येतो, पण खुर्ची आतून नेताना दिसेल.

तिसरी_घंटा :
तालमी कधीपासून? आणि एक अडचण आत्ताच सांगतो. दोन्ही मुलींपैकी एकीला जातं खरंच ओढता आलं पाहिजे. स्पर्धेत मी थर्माकोलची जाती पाहिलीत, एका बोटानं फिरतात. दगडाचं जातं आणा, आणि नटीला पंधरा दिवस आधीपासून जोंधळा दळायला बसवा. दम लागलेल्या आवाजातच ते संवाद बसतील.

करडईचं_फूल :
जातं आमच्याकडे आहे, लातूरला. दोन माणसं आणि टेम्पो पाठवा. खुंटा सैल झालाय, नवा ठोकून घ्या.